प्रोजेक्ट उघडला की मशीन गुदमरतं: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर रॅम नेमकं कोण खातंय ते कसं शोधायचं

## आधी लक्षणं

कोड एडिटरमध्ये प्रोजेक्ट उघडला तेव्हा सगळं सुरळीत असतं. दोन-तीन तासांनी टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला उशीर होऊ लागतो. ऑटोकम्प्लीटची यादी अर्धवट येते, मग येईनाशी होते. पंखा घोंघावत राहतो. ब्राउझरच्या टॅबवर परत गेलं की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. एडिटर बंद करून उघडला की तासभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

या दुखण्याची आणखी काही रूपं आहेत. लिनक्सवर बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम) मध्येच तुटतं, टर्मिनलवर फक्त 'किल्ड' एवढा शब्द दिसतो आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेल्याची खूण, येतो. मॅकवर 'ॲप्लिकेशन मेमरी संपली' असं सांगणारी खिडकी येते आणि कोणता प्रोग्रॅम बंद करू ते विचारते. विंडोजवर टास्क मॅनेजर एकूण मेमरी ९० टक्क्यांच्या वर दाखवतो, पण यादीतल्या प्रोग्रॅमची बेरीज तेवढी भरत नाही. चौथं रूप सगळ्यात फसवं: निम्मी रॅम मोकळी असताना टूल 'हीप आउट ऑफ मेमरी' म्हणून मरतं (हीप म्हणजे प्रोग्रॅम चालताना आपल्या डेटासाठी घेतो ती मेमरी).

टीममधल्या मशीनवर हा दोष मी इतक्यांदा काढला आहे की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी एडिटर बदलतात किंवा रॅम मागवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असला हा प्रकार. रॅम खाणारी प्रोसेस बऱ्याचदा एडिटरने सुरू केलेली दुसरीच कुठली तरी असते. शिवाय तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिम 'मेमरी' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे आकड्यांची तुलना पहिल्या पायरीवरच फसते.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

## १. आकडा नीट वाचा

फुकटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. यात खर्च होतात दहा मिनिटं, आणि निम्मे वाद इथेच मिटतात.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसच्या यादीत जो आकडा दिसतो तो त्या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या खासगी भागाचा. सिस्टिमने काही पानं (मेमरीचे छोटे तुकडे) पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव फाइलमध्ये, ढकलली की हा आकडा खाली येतो. टूलची भूक कमी झालेली नसते, तिचा काही भाग डिस्कवर गेलेला असतो. खरी मागणी बघायची तर 'डिटेल्स' टॅबमध्ये 'कमिट साइज' हा कॉलम सुरू करा.

मॅकचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उलट वागतो. तिथला आकडा दाबून ठेवलेली, म्हणजे कम्प्रेस केलेली, पानंही धरतो. त्यामुळे तेच टूल, तोच प्रोजेक्ट मॅकवर जास्त खाताना दिसतो आणि 'विंडोजवर हे हलकं आहे' असा निष्कर्ष लोक काढून मोकळे होतात. मॅकवर कम्प्रेशन २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत आलं, विंडोजवर विंडोज १० सोबत. मॅकवर एकेका प्रोग्रॅमच्या आकड्यापेक्षा खालचा 'मेमरी प्रेशर' आलेख बघा. तो हिरवा असेल तर वापर ९५ टक्के दिसला तरी काळजी नको. पिवळा म्हणजे ताण सुरू झाला, लाल म्हणजे तुम्हाला जाणवणारा मंदपणा खरोखर मेमरीचाच आहे.

लिनक्सवर 'टॉप'मधला 'रेस' कॉलम सामायिक पानंही मोजतो. एकाच एडिटरच्या आठ प्रोसेस असतील आणि त्या एकच लायब्ररी वाटून घेत असतील, तर त्यांच्या 'रेस'ची बेरीज करताना ती लायब्ररी आठदा मोजली जाते. 'व्हर्ट' कॉलमकडे तर बघूच नका. तो फक्त राखून ठेवलेला पत्त्यांचा पट्टा आहे. 'फ्री -एच' चालवून 'अव्हेलेबल' खालचा आकडा वाचा. 'फ्री' खालचा आकडा बहुतेक वेळा लहान असतो, कारण रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की लगेच परत देतो.

मग मंदपणा मेमरीमुळेच आहे हे ओळखायचं कसं? डिस्कवरून पानं सतत आत-बाहेर होतात का ते बघायचं. लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि 'एसआय', 'एसओ' या दोन कॉलमकडे पाहा. तिथे शून्याऐवजी सलग मोठे आकडे धावत असतील तर निदान पक्कं. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंद' बघा, मॅकवर 'स्वॅप यूज्ड' (रॅममधून डिस्कवर हलवलेली मेमरी) काम करता करता वाढत जातो का ते. हे आकडे शांत असतील तर पुढच्या पायऱ्या चढू नका. दोष प्रोसेसरचा, डिस्कचा किंवा प्रत्येक फाइल तपासणाऱ्या अँटिव्हायरसचा असू शकतो आणि रॅमच्या मागे लागून काही हाती लागणार नाही.

## २. एडिटरच्या आत डोकावा

आजचा एडिटर म्हणजे एक प्रोग्रॅम राहिलेला नाही. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरच्या इंजिनावर ॲप चालवणारी चौकट) चालतो: एक मुख्य प्रोसेस, प्रत्येक खिडकीची वेगळी प्रोसेस, एक्स्टेन्शनची वेगळी, फाइलींवर नजर ठेवणारी वेगळी आणि भाषेगणिक लँग्वेज सर्व्हर (कोड वाचून ऑटोकम्प्लीट आणि चुका पुरवणारी प्रोसेस). बाहेरच्या मॉनिटरमध्ये यातल्या बऱ्याच प्रोसेस एकाच नावाने दिसतात आणि कोण काय खातंय हे कळत नाही. म्हणून हेल्प मेनूतला त्याचा स्वतःचा 'प्रोसेस एक्सप्लोरर' उघडा.

इंटेलिजे किंवा अँड्रॉइड स्टुडिओमध्ये खालच्या पट्टीवर उजवं क्लिक करून मेमरी इंडिकेटर सुरू करता येतो. तो जावा हीप भरलंय किती आणि मर्यादा किती हे दाखवतो. वर जाऊन खाली येणारी करवतीच्या दातांसारखी चाल निरोगी असते. खाली आलेला आकडा दर वेळी आधीपेक्षा वर राहत असेल तर काहीतरी गळतंय.

## ३. प्रोजेक्टच्या फोल्डरची झडती

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो.

टीममधल्या एकीचा एडिटर दर वीस मिनिटांनी सुन्न व्हायचा. मशीन १६ जीबीचं, प्रोजेक्ट मध्यम. आम्ही दोघांनी प्रोसेस एक्सप्लोरर उघडून नुसतं बघत राहायचं ठरवलं. टाइपस्क्रिप्ट भाषेचा लँग्वेज सर्व्हर १.२ जीबीवर होता. मग १.९. मग २.६. तीनच्या आसपास पोचला आणि यादीतून नाहीसाच झाला. दोन सेकंदांनी नव्या क्रमांकाने पुन्हा उगवला आणि शून्यापासून चढू लागला. त्या सर्व्हरला मेमरीची ठरावीक मर्यादा असते, व्हीएस कोडमध्ये ती मुळात ३०७२ एमबी आहे. मर्यादा गाठली की तो मरायचा, एडिटर त्याला परत उठवायचा आणि तो सगळा प्रोजेक्ट पहिल्यापासून वाचायला घ्यायचा.

तो इतकं काय वाचत होता? प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच कधीतरी घाईत ठेवलेल्या तीन पूर्ण प्रती होत्या: 'बॅकअप', 'बॅकअप नवा', 'बॅकअप नवा २'. टाइपस्क्रिप्टच्या टीएसकॉन्फिग फाइलमध्ये कोणते फोल्डर घ्यायचे याची यादीच नव्हती, आणि यादी नसेल तर खालच्या सगळ्या टाइपस्क्रिप्ट फाइली घेतल्या जातात. शिवाय प्रत्येक प्रत आपापल्या नोड मॉड्यूल्स या लायब्ररींच्या फोल्डरमधली टाइपांची माहिती ओढत होती. एकच प्रोजेक्ट चार वेळा मेमरीत. तिन्ही प्रती बाहेर हलवल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आकडा एक जीबीच्या खाली जाऊन स्थिरावला. त्यानंतर त्या मशीनची तक्रार आली नाही.

तेव्हा प्रोजेक्टच्या मुळाशी जा आणि बघा: जुन्या प्रती, बिल्डचं आउटपुट, लॉग, डेटाच्या फाइली, बाहेरून आणलेल्या लायब्ररी. व्हीएस कोडमध्ये 'फाइल्स वॉचर एक्सक्लूड' आणि शोधातून वगळण्याची सेटिंग वेगवेगळी असते, आणि लँग्वेज सर्व्हर या दोन्हींना बांधील नसतो. त्याला त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमधूनच सांगावं लागतं. इंटेलिजेत फोल्डरवर उजवं क्लिक करून तो 'एक्सक्लूडेड' करा.

लिनक्सवर फाइलींवर नजर ठेवण्याच्या 'आयनोटिफाय' वॉचची संख्या मर्यादित असते. ती संपल्याचा इशारा आला की लोक ती वाढवून ५,२४,२८८ करतात. ६४-बिट मशीनवर एक वॉच साधारण एक किलोबाइट घेतो, म्हणजे सगळे वापरले तर अर्धा जीबी. आधी नको ते फोल्डर वगळा, मग मर्यादेला हात लावा.

## ४. एक्स्टेन्शन

एकेक बंद करून बघत बसू नका. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' आहे. तो निम्मी बंद करतो, दोष गेला का विचारतो, उरलेल्यांतली पुन्हा निम्मी. तीस एक्स्टेन्शन असली तरी पाच-एक फेऱ्यांत नाव कळतं. एकाच भाषेसाठी दोन एक्स्टेन्शन असतील तर दोन लँग्वेज सर्व्हर तोच कोड दोनदा वाचत असतात. एक ठेवा, एक काढा.

## ५. हीपची मर्यादा: वाढवायची की कमी करायची?

रॅम मोकळी असताना टूल मेलं तर ते स्वतःच्या मर्यादेला धडकलेलं असतं. जावाचा प्रोग्रॅम वेगळं काही सांगितलं नसेल तर रॅमच्या एक चतुर्थांशापर्यंत हीप घेतो. इंटेलिजेच्या अलीकडच्या आवृत्त्या मुळात २०४८ एमबीवर येतात, हेल्प मेनूतल्या 'चेंज मेमरी सेटिंग्ज'मधून ते बदलता येतं. नोडसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 'मॅक्स ओल्ड स्पेस साइज' हा पर्याय आहे.

मात्र ८ जीबीच्या मशीनवर हीपला ६ जीबी देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. कचरा, म्हणजे आता न लागणारा डेटा, गोळा करताना जावाला हीपभर फिरावं लागतं. त्यातली पानं डिस्कवर गेलेली असतील तर ती एकेक करून परत आणावी लागतात आणि एडिटर मिनिटभर गोठतो. शिवाय हीप म्हणजे प्रोसेसची सगळी मेमरी नाही. क्लासची माहिती, थ्रेडचे स्टॅक, कम्पाइल झालेला कोड हे सगळं वेगळं. २ जीबीची मर्यादा घातलेला आयडीई (इंटेलिजेसारखा, सगळी साधनं एकत्र असलेला एडिटर) बाहेरून ३ जीबीच्या आसपास दिसला तर घाबरू नका.

मी ५१२ एमबीच्या टप्प्याने वाढवतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर अर्धा दिवस काम करून बघतो. दोन टप्प्यांत फरक पडला नाही तर दोष मर्यादेत नाही. मूळ आकडा परत ठेवून पुढे जातो.

## ६. मागे राहिलेले डेमन आणि एकाच वेळी चालणारी कामं

ग्रेडल (जावा प्रोजेक्टचं बिल्ड करणारं टूल) बिल्ड संपल्यावरही आपला डेमन, म्हणजे पडद्यामागे चालणारी प्रोसेस, जागा ठेवतो, म्हणजे पुढचं बिल्ड लवकर होतं. रिकामा राहिला तर तो तीन तासांनी जातो. आयडीई एका जावा आवृत्तीवर आणि टर्मिनल दुसऱ्या आवृत्तीवर असेल तर दोघांचे डेमन वेगळे. कोटलिन भाषेचा आणखी वेगळा. एकूण मेमरी भरलेली आणि एडिटर मात्र हलका, असं दिसलं की मी आधी 'ग्रेडल --स्टॉप' चालवतो. तो फक्त त्याच ग्रेडल आवृत्तीचे डेमन थांबवतो, हे लक्षात असू द्या. आयडीई आणि टर्मिनल दोघांना एकच जावा दिला की हा त्रास मुळापासून जातो.

सी प्लस प्लसच्या बिल्डमध्ये वेगळं गणित. टेम्प्लेटांनी भरलेली एक फाइल कम्पाइल होताना जीबीभर मेमरी घेऊ शकते, आणि निन्जा (बिल्ड चालवणारं टूल) मुळात कोरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं एकाच वेळी लावतो. १६ कोर, १८ कामं, १६ जीबी रॅम: पुढे काय होणार ते दिसतंच आहे. 'मेक -जे' पुढे आकडा न लिहिता दिलं तर कामांना मर्यादाच राहत नाही. दर कामाला २ जीबी धरून आकडा ठरवा. बिल्ड सावकाश वाटेल, पण पुरं होईल.

## ७. डोळ्याआड चाललेलं मशीन

विंडोजवर बेरीज का भरत नाही याचं उत्तर बऱ्याचदा 'व्हीएममेम' नावाच्या प्रोसेसमध्ये असतं. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) म्हणजे खरंखुरं व्हर्च्युअल मशीन, आणि ते मुळात एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. आतला लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी रॅम घेतो आणि ती विंडोजला परत मिळायला वेळ लागतो. आत 'फ्री -एच' भरपूर मोकळी रॅम दाखवतो आणि बाहेर विंडोज गुदमरलेलं असतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. आपल्या यूजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइल बनवून त्यात 'डब्ल्यूएसएल२' या विभागाखाली मेमरीचा आकडा लिहा, मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' द्या. त्याआधी आतली कामं जतन करा, कारण सगळं बंद होतं.

डॉकर डेस्कटॉपचंही तेच. मॅकवर आणि विंडोजवर त्याचे कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले डबे) लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात. मॅकवर मर्यादा त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रिसोर्सेस'खाली मिळते. लिनक्सवर डॉकर इंजिन थेट वापरलं तर हे मधलं मशीनच नसतं. 'माझ्या लिनक्सवर ८ जीबीत सगळं चालतं, तुझ्या मॅकवर का नाही' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. अँड्रॉइडचा एम्युलेटर तर आणखी एक पूर्ण फोन आहे. जमेल तिथे खरा फोन जोडा.

## ८. स्वॅप आणि पेजफाइल

'रॅम भरपूर आहे, पेजफाइल बंद कर' हा सल्ला अजूनही दिला जातो आणि त्याने मी दुरुस्त केलेली मशीनं परत बिघडली आहेत. विंडोज दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवतं: रॅम अधिक पेजफाइल एवढीच मेमरी सगळ्यांना मिळून कबूल करता येते. पेजफाइल काढली की ही हद्द रॅमइतकीच उरते, आणि प्रोग्रॅमनी मागून ठेवलेली पण न वापरलेली मेमरीही तीत मोजली जाते. मग रॅम मोकळी दिसत असताना मागणी नाकारली जाते. पेजफाइल 'सिस्टिम मॅनेज्ड' ठेवा, शक्यतो एसएसडीवर.

लिनक्स मुळात हातचं राखत नाही. मागेल त्याला हो म्हणतो आणि खरोखर संपली की कोणाला तरी मारतो. 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ शोधा, नाव मिळेल. फेडोरा ३४ आणि उबंटू २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी हे काम लवकर करतो, आणि तो प्रोसेसचा अख्खा गट मारतो. बिल्डसोबत टर्मिनलही नाहीसं झालं तर तोच असावा. थोडा स्वॅप किंवा झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) दिला की दोन्ही त्रास सौम्य होतात. मॅक स्वॅपच्या फाइली स्वतःच वाढवतो, तुमच्याकडून त्याला फक्त डिस्कवर मोकळी जागा हवी.

## ९. टूल बदलायचं का?

इथवर आलात तर आता विचारा. टूल जड असल्याची तक्रार जुनीच आहे: इमॅक्सच्या नावाची 'आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग' अशी फोड एके काळी केली जायची. विम किंवा निओव्हिम स्वतः काही दहा एमबीत भागवतात, इलेक्ट्रॉनवाले काही शे एमबीत, जावावर चालणारे आयडीई दोनेक जीबीत. पण रस्टचा किंवा सी प्लस प्लसचा लँग्वेज सर्व्हर मोठ्या प्रोजेक्टवर जेवढे जीबी घेतो तेवढेच तो निओव्हिमखालीही घेतो. एडिटर बदलून फार तर एडिटरचा वाटा वाचतो. दुसऱ्या पायरीवर सर्व्हरच मोठा दिसला असेल, तर ही पायरी सोडून द्या.

एक अपवाद मात्र मोलाचा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या आधी ३२-बिट होता. मशीनवर ६४ जीबी असले तरी त्याच्या मुख्य प्रोसेसला ४ जीबीपलीकडे जाता येत नव्हतं. जुनी आवृत्ती वापरत असाल आणि मोठं सोल्यूशन उघडताना ती कोसळत असेल तर रॅम घेऊ नका, आवृत्ती बदला.

## १०. रॅम, आणि कुठे थांबायचं

रोजचं सगळ्यात जड काम चालू असताना 'कमिटेड' आकडा (सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी) लिहून ठेवा. तो आठवडाभर रॅमच्या बराच वर राहत असेल आणि पहिल्या पायरीतले आकडेही धावत असतील, तरच रॅम घ्या. माझ्या मते ८ जीबीवर एक हलका एडिटर, एक लँग्वेज सर्व्हर आणि ब्राउझर निभतो. कंटेनर आणि जावा आयडीई सोबत हवे असतील तर १६ जीबी. त्यात एम्युलेटरही हवा असेल तर ३२. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, अनेक पातळ लॅपटॉपमध्येही ती बोर्डावरच डाखलेली असते.

पुढची चिन्हं दिसली तर स्वतः हात लावणं थांबवा. मेमरी तपासणीत एक जरी चूक आली (विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक, मेमटेस्ट८६+ किंवा मॅकचं ॲपल डायग्नोस्टिक्स), तर कोड पुश करा, बॅकअप घ्या आणि हार्डवेअर तंत्रज्ञाकडे जा. बिघडलेल्या रॅमवर काम करत राहिलात तर चुकीचे बाइट फाइलींत लिहिले जातात आणि ते महिन्यांनी सापडतात. टास्क मॅनेजरमध्ये 'नॉन-पेज्ड पूल' (सिस्टिमची आणि ड्रायव्हरची, डिस्कवर न जाणारी मेमरी) काही जीबीपर्यंत वाढत जात असेल तर गळती बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे, तिथेही जाणकार हवा. मशीन कंपनीचं असेल तर अँटिव्हायरसमधली सूट, पेजफाइल आणि बायॉस हे आयटी विभागाचं काम. बोर्डावर डाखलेली रॅम घरी बदलायला जाऊ नका.

काहीच न करता टूलची मेमरी चढत असेल तर ती टूलमधली गळती, तिची दुरुस्ती बनवणाऱ्यांकडेच होते. ते हीप डंप मागतील. त्या फाइलमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं असतं: तुमचा कोड, टोकन, कधी पासवर्डही. सार्वजनिक जागी चढवू नका. खासगी मार्गाने द्या आणि टोकन नंतर बदलून घ्या.

तंत्रज्ञाकडे किंवा आयटीकडे जाताना 'स्लो आहे' एवढंच सांगू नका. चार ओळी लिहून न्या: ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, दोष दिसला तेव्हाचा कमिटेड किंवा अव्हेलेबल आकडा, सगळ्यात मोठ्या तीन प्रोसेसची नावं, आणि वरच्या कोणत्या पायऱ्या करून झाल्या.